डोक्याला मार लागला होता का?

आमच्या केंद्राच्या लोखंडी कपाटात १९९६ सालची एक फाइल आहे. अक्षर माझंच आहे. ‘नवऱ्याने भिंतीवर डोके आपटले. कपाळावर टेंगूळ. थोडा वेळ शुद्ध नव्हती असे शेजारीण सांगते.’ पुढच्या पानावर पोटगीचा हिशेब, स्त्रीधनाची यादी, दोन मुलांची वयं. १९९६ ते २००३ या काळात ही बाई आमच्याकडे चार वेळा आली. चारही वेळा मी लिहून घेतलं. तीनदा डोक्याला मार होता: एकदा भिंत, एकदा पितळी तांब्या, एकदा उंबरठा. चौथ्या वेळी गळा दाबला होता.

तिला मी इथे ताराबाई म्हणते. नाव बदललं आहे. २०२२ साली तिची सून तिला घेऊन केंद्रावर आली. “ताई, आत्याबाई रात्री उठून दाराच्या कड्या तपासत बसतात. सांजच्याला स्वतःच्याच घरात ‘मला घरी सोडा’ म्हणून रडतात. मला तर चोरच समजतात.” ताराबाई तेव्हा बासष्ट वर्षांची होती. माझ्याकडे बघून ओळखीचं हसली, पण ओळख नव्हती. सुनेच्या हातात दवाखान्याचा कागद होता. त्यावर स्मृतिभ्रंश असं लिहिलं होतं आणि पुढे ‘वयोमानानुसार’. एक गोळी रात्री, एक सकाळी. मी विचारलं, “डॉक्टरांनी पूर्वी डोक्याला मार लागल्याचं काही विचारलं का?” सून म्हणाली, “नाही बा. आणि विचारलं असतं तरी मला काय ठाऊक? आत्याबाई कधी बोलल्याच नाहीत.”

मला ठाऊक होतं. कपाटात होतं.

मैत्रिणींनो, ताराबाईचा आजार त्या मारामुळेच झाला असं मी म्हणत नाही. एका बाईच्या बाबतीत तसं सिद्ध करणं अवघड असतं. मी म्हणते ते एवढंच, की विचारायला हवं होतं. डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि त्यांच्याआधी पंचवीस वर्षं मीही विचारलं नाही. मार म्हणजे पुरावा, इतकंच आम्हांला कळत होतं. जखम भरली, दाखला मिळाला, की मार संपला असं आम्ही धरून चाललो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मेंदूबद्दल जे कळलं आहे ते नेमकं याच्या उलट आहे. मार संपत नाही. काही वेळा तो आत चालू राहतो. कसा, ते समजून घेणं आपलं काम आहे; ते फक्त डॉक्टरांवर सोडून चालणार नाही.

निरोप बंद होत नाही तेव्हा

बोटाला काटा लागला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. ही सूज म्हणजे शरीराची धावपळ असते. तिथल्या पेशी रसायनांच्या मार्फत निरोप धाडतात, बाहेरून कुमक येते, घाण साफ होते, मग ‘झालं, आता थांबा’ असा दुसरा निरोप जातो आणि सूज उतरते. सूज वाईट नाही. न उतरणारी सूज वाईट.

मेंदूतही हेच घडतं. तिथे विचार, आठवण, हालचाल यांचं काम करणाऱ्या चेतापेशी आहेत, आणि त्यांच्या अवतीभवती त्यांची उस्तवार करणाऱ्या दुसऱ्या पेशी आहेत. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो याने १८५६ साली या दुसऱ्या जातीला जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो डिंक. मुख्य पेशींना चिकटवून ठेवणारा भराव, एवढीच त्यांची किंमत. १९१९ साली स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगाने त्यांतली एक जात वेगळी ओळखली, मायक्रोग्लिया. या पेशी दिवसरात्र आपले हात लांबवून आजूबाजूचा परिसर चाचपत असतात. मेलेलं उचलतात, कचरा खातात, नको असलेले जोड छाटतात, जंतू आला तर लढतात. झाडलोट, आवराआवर, राखण. हे काम शास्त्रालाही बरीच वर्षं दिसलं नाही, याचं आपल्याला तरी नवल वाटू नये.

मायक्रोग्लियाच्या अंगावर कुलपांसारखे ग्राहक रेणू असतात. बाहेरची एखादी खूण, म्हणजे फुटलेल्या पेशीतून सांडलेला माल, जंतूचा तुकडा, अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची गुठळी, त्या कुलपात बसली की आत निरोपांची साखळी सुरू होते. एक रेणू दुसऱ्याला हलवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी निरोप पेशीच्या केंद्रकात पोचतो. तिथे दाहाची जनुकं उघडतात. पेशी मग टीएनएफ, इंटरल्युकिन-१ अशी रसायनं बाहेर सोडते. यांना सायटोकाइन म्हणतात. ती शेजारणींना उठवतात. शेजारणी आणखी सोडतात.

हे थांबलं तर ठीक. थांबलं नाही तर काय होतं हे २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. बिथरलेल्या मायक्रोग्लिया तीन निरोप सोडतात: इंटरल्युकिन-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू. ते मिळाले की ॲस्ट्रोसाइट नावाच्या पोषण करणाऱ्या पेशींचा स्वभावच पालटतो. त्या सांभाळ करायचं सोडतात आणि काही चेतापेशींना मारक ठरतात. असे पालटलेले ॲस्ट्रोसाइट अल्झायमर, कंपवात अशा आजारांनी गेलेल्या माणसांच्या मेंदूंत सापडले. त्याआधी २०१६ साली उंदरांवरच्या कामात बेथ स्टीव्हन्स यांच्या गटाने दाखवलं होतं की सी१क्यूची खूण लागलेले चेतापेशींचे जोड मायक्रोग्लिया खाऊन टाकतात, तेही गुठळ्या दिसण्याच्या आधी. म्हणजे राखणदारच घर मोडायला लागतो, आणि बाहेरून घर अजून उभं दिसत असतं.

स्टॅनफर्डची ती प्रयोगशाळा ज्यांची होती त्या बेन बॅरस यांची गोष्ट आपल्या वाचकांना सांगायलाच हवी. ते जन्माला मुलगी म्हणून आले, बार्बरा या नावाने शिकले, चाळिशीत पुरुष म्हणून जगू लागले. त्यानंतर त्यांचं व्याख्यान ऐकून एक शास्त्रज्ञ म्हणाला, की यांचं काम यांच्या बहिणीपेक्षा किती सरस आहे! ती ‘बहीण’ वेगळी कुणी नव्हतीच. बार्बरा तेच होते. हा किस्सा त्यांनी २००६ साली ‘नेचर’मध्ये लिहिला आणि बाई बुद्धीने कमी असं म्हणणाऱ्या मोठ्या विद्वानांना जाहीर उत्तर दिलं. २०१७ च्या डिसेंबरात ते वारले. ज्या पेशींना लोक डिंक समजत होते त्यांच्यावर त्यांनी आयुष्य घालवलं.

पहिली रुग्ण

अल्झायमर हे नाव आपण घेतो ते डॉक्टरचं. रुग्णाचं नाव किती जणींना माहीत आहे? आउगुस्टे डेटर. जर्मनीत फ्रँकफुर्टला १९०१ च्या नोव्हेंबरात तिला वेड्यांच्या इस्पितळात आणलं तेव्हा ती ५१ वर्षांची होती. तिचा पहिला विकार म्हणून काय नोंदलं गेलं? नवऱ्यावर संशय. मग विसर, मग भीती. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत असं ती डॉक्टरला सांगत होती. १९०६ साली ती वारली. अलॉइस अल्झायमरने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या सभेत मांडला. त्याने तीन गोष्टी पाहिल्या होत्या: पेशींबाहेरच्या गुठळ्या, पेशींच्या आतला गुंता, आणि त्या ‘डिंका’च्या पेशींतले बदल.

पहिल्या दोन गोष्टींवर शतकभर पुस्तकं लिहिली गेली. तिसरी बाजूला राहिली. १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅनडातल्या एडिथ आणि पॅट्रिक मॅकगीर या जोडप्याने अल्झायमर आणि कंपवाताच्या मेंदूंत चवताळलेल्या मायक्रोग्लिया दाखवल्या. १९८९ साली अमेरिकेत स्यू ग्रिफिन यांनी अल्झायमरच्या मेंदूत इंटरल्युकिन-१ चं प्रमाण वाढल्याचं दाखवलं. बरेच जण तेव्हा म्हणत, सूज असेल, पण ती आजाराची राख आहे, आग नव्हे. मग २०१२-१३ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून ट्रेम-२ पुढे आलं. हे मायक्रोग्लियावरचं एक कुलूप आहे. त्यात एक विशिष्ट बिघाड घेऊन जन्मलेल्या माणसाला अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट असतो. जन्मतः असलेली गोष्ट आजाराची राख असू शकत नाही. राखणदारणींचं बिघडणं हे आजाराच्या कारणांपैकीच एक आहे, हे तेव्हा मान्य करावं लागलं.

बॉक्सर आणि बायको

आता माराकडे येते. १९२८ साली अमेरिकेत हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने बॉक्सरांच्या मेंदूवर निबंध लिहिला. ठोसे खाऊन खाऊन हे लोक पुढे अडखळत चालतात, बरळतात, विसरतात. तेव्हापासून बॉक्सर, मग फुटबॉलवाले, मग सैनिक यांच्यावर ढिगाने संशोधन झालं. त्यांच्या मेंदूपेढ्या निघाल्या, त्यांच्यावर सिनेमे निघाले.

आणि बायको? १९९० साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका बाईची हकिगत छापून आली. नवऱ्याचा मार वर्षानुवर्षं खाल्लेली, स्मृतिभ्रंशाने गेलेली. तिच्या मेंदूत बॉक्सरांच्या मेंदूसारखे बदल दिसले. शीर्षकातही बॉक्सरांसाठीचाच शब्द वापरून तिला ठोसे खाऊन झिंगलेली बायको म्हटलं होतं. एवढी मोठी गोष्ट, पण त्यानंतर बायकांची रांग लागली का? नाही. घरात मार खाणाऱ्या बायकांच्या मेंदूंचा नीट अभ्यास व्हायला आणखी तीस-एक वर्षं जावी लागली. २०२३ साली न्यू यॉर्कहून एक अभ्यास आला. त्यात हिंसा सोसलेल्या १४ बायकांचे मेंदू तपासले. खेळाडूंचा म्हणून ओळखला जाणारा तो ठरावीक आजार त्यांत सापडला नाही. पण रक्तवाहिन्यांचं आणि मेंदूच्या पांढऱ्या तंतूंचं नुकसान सापडलं.

हे उलटसुलट वाटेल. मला त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. बॉक्सरचा साचा बायकोला बसत नाही. बॉक्सरला समोरून ठोसा येतो, वेळ ठरलेली असते, पंच असतो, घंटा असते. बाईला भिंत असते, उंबरठा असतो, पोटात लाथ असते आणि गळ्यावर हात असतो. गळा दाबला की मेंदूचं रक्त आणि प्राणवायू तुटतो, बाहेर कधी वळदेखील उमटत नाही. मग तिला दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायच्या असतात. तिच्या इजेचा नकाशा वेगळाच असणार. तो काढायचा तर तिच्याकडेच जायला हवं, खेळाच्या मैदानावर नाही.

माराने आत काय होतं? डोकं आपटलं की मेंदूतले लांब तंतू ताणतात, काही तुटतात. फुटलेल्या पेशींचा माल सांडतो. मायक्रोग्लियाच्या कुलपांत तो बसतो, निरोप सुरू होतात. बहुतेकांच्या बाबतीत ते थांबतात. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डोक्याला एकच पण मोठी इजा झालेल्या काही माणसांच्या मेंदूंत अठरा वर्षांनंतरही मायक्रोग्लिया चवताळलेल्याच सापडल्या. अठरा वर्षं! आणि एकदा उठलेली पेशी पुढच्या वेळी लवकर उठते. आधीच हुशारीत बसलेली असते. मग दुसरा मार असो, न्यूमोनिया असो, की लघवीचा संसर्ग असो, तिची प्रतिक्रिया मोठी होते.

‘लॅन्सेट’च्याच आयोगाने २०२० साली डोक्याची इजा ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत घातली. २०२४ साली त्या यादीत १४ कारणं झाली: कमी शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण वगैरे. ही सगळी काढता आली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज आहे. ती यादी एकदा बाईच्या आयुष्यावर ठेवून वाचा. चौथीतून काढलेली शाळा. चुलीचा धूर. लपवलेलं नैराश्य. न तपासलेला रक्तदाब. डोक्याला मार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९ टक्क्यांहून अधिक बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. या बायका उद्या साठीत येणार आहेत.

पिशवी काढली, पुढे काय?

निरोपांवर लगाम ठेवणाऱ्या रसायनांत इस्ट्रोजेन हे एक आहे. मायक्रोग्लियावरही त्याची कुलपं असतात, आणि प्रयोगशाळेत ते दाह शमवताना दिसतं. पाळी जाते तेव्हा हा लगाम सैल होतो. सावकाश जाते तेव्हा शरीर जुळवून घेतं. पण बीजकोश एका दिवसात कापून काढले तर? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने २००७ साली दाखवलं, की पाळी जाण्याआधी बीजकोश काढलेल्या बायकांना पुढे स्मृती मंदावण्याचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक असतो, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वय जितकं कमी तितका तो जास्त.

हे वाचताना मला बीड आठवतं. २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत सुमारे १३ हजार ८०० जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेकजणी चाळिशीच्या आतल्या. एक खाडा झाला की मुकादम दंड कापतो, म्हणून अंगावरून जाण्यावर औषधाऐवजी चाकू. आपण तेव्हा मोर्चे काढले, कंबरदुखीबद्दल बोललो, हाडांबद्दल बोललो. मेंदूबद्दल बोललो नाही. मी अशा बायकांना विचारते, “पिशवीबरोबर बीजकोशही काढले का?” उत्तर येतं, “ते काय आपल्याला सांगतात होय, ताई?” कागदावरही धड लिहिलेलं नसतं. आपल्या शरीरातून काय गेलं हेच ज्या बाईला कळवलं जात नाही, तिला तीस वर्षांनी ‘वयोमानानुसार’ असं लिहून देणं हा खोटेपणा आहे.

यावर कुणी म्हणेल, मग सगळ्यांना हॉर्मोनच्या गोळ्या द्या. तितकं सोपं नाही. २००३ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ६५ वर्षांपुढच्या बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दिलं, तर स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दुप्पट झालं. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. संधिवातासाठी त्या वर्षानुवर्षं खाणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो असं १९९० पासून बोललं जात होतं. प्रत्यक्ष चाचणीत फायदा निघाला नाही. तेव्हा कुणी या लेखाचा आधार घेऊन सासूला रोज वेदनाशामक गोळी चारू नये. उगाच पोटात व्रण व्हायचे. निरोप कधी, कुठे, कोणत्या वयात अडवायचा, हे कळायला आयुष्यभराची नोंद लागते. नेमकी तीच आपल्याकडे नाही.

नर उंदरांचं शास्त्र

शास्त्राचं एक गुपित सांगते. २०११ साली दोन संशोधकांनी मोजलं की मेंदूशास्त्रातल्या प्राण्यांवरच्या अभ्यासांत फक्त नर वापरणारे अभ्यास फक्त मादी वापरणाऱ्यांच्या साडेपाच पट होते. कारण काय, तर मादीची पाळी निकालात गोंधळ घालते. अमेरिकेत बायकांना औषधचाचण्यांत घेण्याचा कायदा १९९३ साली झाला. प्रयोगशाळेतल्या माद्यांचा नंबर त्यानंतर वीस वर्षांनी लागला.

यात बिघडलं काय? २०१५ साली कॅनडातल्या गटाने दुखण्याचा अभ्यास नर-मादी दोघांवर केला. नर उंदरांत दुखणं मायक्रोग्लियाच्या निरोपांवर चालत होतं. माद्यांत त्या निरोपांची गरजच नव्हती, तिथे दुसऱ्याच रोगप्रतिकारक पेशी कामाला लागल्या होत्या. दुखणं तेच, वाट वेगळी. जी वाट फक्त नरात शोधली तिच्यावर काढलेलं औषध बाईला लागू पडेलच असं कशावरून? कंपवात पुरुषांना अधिक होतो, अल्झायमर बायकांना. म्हणजे लिंगभेद दोन्हीकडे आहे, आणि तो नीट न पाहिल्याने दोघांचंही नुकसान होतं.

‘बायका जास्त जगतात म्हणून’

हे उत्तर मला हमखास मिळतं. डॉक्टर देतात, आपल्यातल्या काहीजणीही देतात. बायका जास्त जगतात, म्हणून त्यांच्यात विसर जास्त. त्यात तथ्य आहे, पण ते पुरं उत्तर नाही. भारतात साठीपुढच्या लोकांच्या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली अंदाज आला की ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांत तो सुमारे ९ टक्के, पुरुषांत ६ टक्क्यांच्या आत. खेड्यात शहरापेक्षा जास्त. आता सांगा, खेड्यातली माणसं शहरातल्यांपेक्षा जास्त जगतात का? वय हे एक कारण आहे. शाळा हे दुसरं. बाकीच्यांची मोजदादच नाही. ‘वय’ हा शब्द वापरला की पुढचं सगळं विचारायचं राहून जातं. पूर्वी बाळंतपणात बाई गेली की ‘दैव’ म्हणत. आता ‘वयोमान’ म्हणतात.

दुसरा आक्षेप आपल्याच बैठकीत आला. एक तरुण मैत्रीण म्हणाली, “ताई, मार खाल्लेल्या बायकांना पुढे वेड लागतं असं आपण म्हणालो, तर कोर्टात वकील त्याचाच वापर करेल. मुलांचा ताबा जाईल.” तिची भीती खरी आहे. बाईला वेडी ठरवणं हे जुनंच हत्यार आहे. आउगुस्टेच्याही कागदावर पहिली ओळ नवऱ्यावरच्या संशयाची होती. पण गप्प राहून आपण तिचं रक्षण करत नाही, तिच्या इजेचं कारण लपवतो. हात मोडला म्हणून कुणी बाईला नालायक ठरवत नाही. मेंदूची इजा हीदेखील इजा आहे, मारणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि नुकसानभरपाईत धरण्याजोगी गोष्ट आहे. हे आपणच आधी, आपल्या शब्दांत मांडलं नाही तर दुसरे त्यांच्या शब्दांत मांडतील.

आणि तिसरी गोष्ट, सुनेची. ताराबाईला आंघोळ कोण घालतं? सून. रात्री दाराशी कोण बसतं? सून. तिची अंगणवाडीची नोकरी सुटली. मुलगा म्हणतो, “आईचं तीच बघते.” तीस वर्षांपूर्वी एका पुरुषाने उचललेल्या हाताची किंमत आज दुसरी बाई फेडते आहे. घरकामाचं मोल मागताना या कामाचंही मागायला हवं. हिंसेचा खर्च म्हणून ज्या दिवशी ही सेवा मोजली जाईल, त्या दिवशी आकडे बघून सरकारचे डोळे उघडतील.

मग करायचं काय?

मी मोठ्या मागण्यांपासून सुरू करत नाही. आपल्या फॉर्मपासून करते. आमच्या केंद्राने नोंदणीच्या फॉर्ममध्ये पाच प्रश्न घातले आहेत. डोक्याला मार लागला होता का, किती वेळा? शुद्ध हरपली होती का? गळा दाबला होता का? नंतर डोकेदुखी, चक्कर, झोप न लागणं, विसरणं, चिडचिड वाढली का? पिशवी किंवा बीजकोश काढले आहेत का, कोणत्या वयात? पाच मिनिटं लागतात. पहिल्या महिन्यातच लक्षात आलं, की ज्या बायकांबद्दल आपण म्हणायचो ‘तारीख लक्षात ठेवत नाही, सांगितलेलं करत नाही, केसमध्ये रसच नाही’, त्यांतल्या कित्येकींच्या डोक्याला मार होता. आपण तिला बेफिकीर समजत होतो. ती आजारी होती.

दुसरं, ज्या दिवशी मार लागला त्याच दिवशी दवाखाना. उलटी, गुंगी, बोलणं अडखळणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, गळा दाबल्यावर आवाज बसणं किंवा गिळता न येणं, यांतलं काही असेल तर दाखल्याची वाट बघायची नाही. डॉक्टरांना केसपेपरवर ‘डोक्याला मार, बेशुद्धी’ असं लिहायला लावायचं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या अहवालाला तो कागद जोडायचा. मुंबईत २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सरकारी इस्पितळातच सुरू झालं, तेव्हा दवाखान्याने हिंसेबद्दल विचारायला हवं हे मान्य झालंच होतं. आता मेंदूबद्दल विचारा, एवढंच पुढे न्यायचं आहे.

तिसरं, म्हातारी बाई दोन दिवसांत अचानक बरळू लागली तर तो स्मृतिभ्रंश असेलच असं नाही. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, नवी गोळी, अशा कारणांनीही ते होतं. शरीरातल्या सुजेचे निरोप मेंदूपर्यंत पोचतात, त्याचाच हा प्रकार. ते बरं होऊ शकतं. थायरॉइड, बी-१२, रक्तदाब, साखर, कान आणि डोळे तपासून घ्या. मगच ‘वय झालं’ म्हणा.

चौथं, सरकारकडे. ज्या जिल्ह्यांत पिशव्या काढल्या त्या बायकांचा पुढची वीस वर्षं पाठपुरावा करा, मेंदूसकट. शस्त्रक्रियेत काय काढलं ते मराठीत लिहून बाईच्या हातात द्या. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत हिंसेचा प्रश्न घाला. संशोधनाला पैसे देताना माद्या कुठे आहेत, बायका कुठे आहेत, हे विचारा.

परवा मी ताराबाईकडे गेले होते. सोबत तिची जुनी फाइल नेली, डॉक्टरांना दाखवायला म्हणून. इतक्या वर्षांनी त्याचा तिला औषधापुरता उपयोग थोडाच आहे, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण त्यांनी ‘वयोमानानुसार’ या शब्दापुढे आणखी एक ओळ लिहिली: ‘पूर्वी डोक्याला वारंवार मार. पतीकडून.’ सुनेने ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, “म्हणून आत्याबाई रात्रीच्या कड्या तपासतात होय.”

तुमच्याही कपाटात फाइली असतील. काढा आणि परत वाचा.